वस्तूंचा अभ्यास आणि वस्तूंची नावे

साहित्यसमीक्षकाने मडक्याकडे वळावे, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस विचित्र वाटेल. मडके कुंभाराचे, फार तर पुराणवस्तुसंशोधकाचे. आपला अधिकार शब्दावर, अशी कार्यक्षेत्राची वाटणी आपण करून घेतली आहे. ती इतकी अंगवळणी पडली आहे की, तिला काही आधार आहे किंवा नाही हे कोणी विचारीत नाही. परंतु गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत विद्यापीठांतून संशोधकांचा एक नवा परिवार उदयास आला असून त्याने ही वाटणी मोडीत काढली आहे. चित्र, मूर्ती, वस्त्र, भांडे, छायाचित्र, भिंतीवरची तसबीर, थोडक्यात जे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते, ते सर्व या परिवाराने आपल्या अभ्यासाचा विषय मानले आहे. त्यात मानवशास्त्रज्ञ आहेत, कलेतिहासकार आहेत, पुरातत्त्वज्ञ आणि संग्रहालयांचे अभिरक्षक आहेत. त्यांचे आपसांत पुष्कळ मतभेद आहेत. एका गोष्टीवर मात्र ते सर्व एकमत आहेत. पूर्वीचा संशोधक वस्तूकडे साक्षीदार म्हणून पाही. राजवट कोणती, व्यापार कोठपर्यंत, धर्म कोणता, हे सांगून झाले की साक्षीदाराचे काम संपले. नवा संशोधक म्हणतो की वस्तू केवळ साक्ष देत नाही, ती माणसामाणसांतील संबंध घडवते. समाज आधी आणि वस्तू मागाहून, असा क्रम लावता येत नाही.

या परिवाराची एक प्रमुख गादी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मानवशास्त्र विभागात आहे. याच विभागाच्या पुढाकाराने १९९६ साली वस्तुसंस्कृतीला वाहिलेले एक स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. लंडनच्या विद्वानांशी मराठी साहित्यसभेच्या सभासदांचे काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे. या परिवारातील दोन ख्यातनाम ग्रंथकारांनी आपली मूळ सामग्री माळव्यातून, इंदूरच्या शेजारातून उचलली. आणि त्यांपैकी एकाने आपल्या ग्रंथातील महत्त्वाचा भाग पुण्यातील एका शिळाप्रेसवर उभा केला. आपल्या परसातले पीक दुसऱ्याने कसे कापले आणि कसे मळले, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे.

पहिला ग्रंथ डॅनियल मिलर यांचा. उज्जैन जिल्ह्यातील डांगवाडा या खेड्यात राहून त्यांनी तेथील मातीच्या भांड्यांचा अभ्यास केला व तो १९८५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विषय दिसायला अगदी साधा आहे. एका खेड्यात कुंभार कोणकोणते आकार घडवतो, ते कोण विकत घेते, कोठे वापरते, आणि इतके आकार असण्याचे कारण काय? उपयोगासाठी आकार, हे सोपे उत्तर मिलर यांना पुरत नाही. पाणी साठवावयास एक आकार पुरतो. तेथे अनेक आहेत. उपयोगाने ज्यांचे समर्थन होत नाही असे सूक्ष्म भेद कुंभार श्रद्धेने पाळतो आणि गिऱ्हाईक तितक्याच श्रद्धेने मागते. या भेदांतून जाती, प्रसंग, विधी, शुचिता यांच्या कल्पना मडक्यांच्या रांगेत मांडल्या जातात. मोजमाप, आलेख व आकृत्या यांनी भरलेला हा ग्रंथ रुक्ष आहे, आणि तो सरळ वाचून काढणे हे कसोटीचे काम आहे. परंतु त्यातील नजर सरस आहे. तुच्छ म्हणून ज्याकडे आपण पाहिले नाही त्याकडे कोणी इतक्या चिकाटीने पाहावे, याचाच आदर वाटतो.

दोन वर्षांनी, १९८७ साली, मिलर यांनी आपला सिद्धांत दुसऱ्या ग्रंथात अधिक व्यापकपणे मांडला. वस्तूंचे सामर्थ्य त्यांच्या नम्रतेत आहे, असे त्यांचे म्हणणे. चौकट नजरेत भरत नाही म्हणूनच ती चित्राकडे कसे पाहावे हे ठरवते. घरातल्या वस्तूही तशाच, लक्षात न येता वागणुकीला वळण लावतात. येथपर्यंत कोणाचीही संमती मिळेल. पुढे ते असे प्रतिपादन करतात की, वस्तूंचे जग हे भाषेच्या जगाहून मुळात निराळे असून भाषेच्या नमुन्यावर वस्तूंचा अर्थ लावू पाहणे ही चूक आहे. आकारांतील बारीक भेद डोळ्याला क्षणात कळतो, शब्दाला तो सांगता येत नाही. म्हणून वस्तूला वाक्य समजू नये आणि तिचे व्याकरण शोधत बसू नये.

या प्रतिपादनात निम्मे सत्य आहे. घागरीची आणि कळशीची कड कशी निराळी वळते हे शब्दांत सांगावयास गेलो तर चार ओळी खर्ची पडतील आणि तरीही ज्याने कळशी पाहिली नाही त्याला ती दिसणार नाही. वर्णन करणे हे भाषेचे दुबळे अंग आहे. परंतु भाषा वस्तूचे केवळ वर्णन करत नाही. ती वस्तूला हाक मारते. नाव ही वर्णनापेक्षा सर्वस्वी निराळी गोष्ट आहे, आणि या भेदाकडे मिलर यांच्या सिद्धांताने द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असा आमचा आक्षेप आहे.

आपल्याच घरातले उदाहरण घ्यावे. कुंभाराच्या चाकावरून उतरलेले एक लहानसे, पोटाशी फुगीर, तोंडाशी आवळ असे भांडे आहे. एरवी ते बोळके. संक्रांतीला त्यात हरभरा, ऊस, बोरे, गव्हाच्या ओंब्या घातल्या आणि त्याला हळदकुंकवाची बोटे ओढली की ते सुगड. त्याच्या मोठ्या भावंडाला नवरात्रात मातीवर बसवून धान्य पेरले की तो घट. गोपाळकाल्याला दोरीने टांगली की ती हंडी. आणि माणसाच्या शेवटच्या प्रवासात खांद्यावरून फिरवून फोडले की ते मडके, मग ते किती का सुबक असेना. माती तीच, चाक तेच, पुष्कळदा आकारही तोच. भेद झाला तो नावाने. मोजपट्टी लावणाऱ्याला ही चारी भांडी एकाच रकान्यात टाकावी लागतील. मराठी घरातील पोर ती चार रकान्यांत टाकील आणि कधीही चुकणार नाही. सुगडाला कोणी मडके म्हटले तर आजी रागावेल. तो राग का, याचे उत्तर आकारात नाही.

आणखी एक उदाहरण. लग्नात वधूवरांच्या मागे जी करवली उभी असते ती आता केवळ मिरवण्यापुरती उरली आहे. परंतु करा म्हणजे पाण्याचे लहान भांडे, आणि तो करा हाती धरणारी ती करवली, हा अर्थ शब्दात अद्याप शिल्लक आहे. अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी यांची जोडी पुजणारी कुटुंबे आहेत, तेथे तो अर्थ अजून हातातही आहे. इतरत्र वस्तू गेली, नाते राहिले आणि नात्याच्या नावात वस्तू गोठून राहिली. वस्तूंच्या अभ्यासकाने शब्दांकडे पाठ फिरवली तर असा पुरावा त्याच्या हाती लागणार कसा? आणि शब्दांच्या अभ्यासकाला करा ठाऊक नसेल तर करवली या शब्दाचे त्याने काय करावे?

हा वाद केवळ तत्त्वाचा नाही, हे एका अनुभवाने सांगता येईल. मराठी वस्ती मोठी असलेल्या एका शहरातील संग्रहालयात आम्ही एकदा दिव्यांची मांडणी पाहिली. संग्रहालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. साखळीने टांगलेला लामणदिवा, पाच वातींची समई, निरांजन, हातात धरण्याची दिवटी, पणती असे एकाहून एक सरस नमुने काचेआड होते आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत व हिंदीत एकच मजकूर होता: दिवा, पितळ, एकोणिसावे शतक. पणतीखालीही पितळच लिहिलेले होते, हा तपशील सोडून देऊ. तेथील अधिकाऱ्यांस विचारता त्यांनी सौजन्याने सांगितले की, सूचीच्या नमुन्यात स्थानिक नावाला रकाना नाही. ज्या संस्थेला वस्तूची लांबी, रुंदी आणि वजन नोंदवावेसे वाटते तिला तिचे नाव नोंदवावेसे वाटत नाही! लामणदिवा लग्नात वराच्या आईच्या हातात असतो, समई देवापुढे असते, निरांजन ओवाळण्यासाठी असते. नावे काढून घेतली की हे सर्व जाते आणि पितळ उरते.

आता दुसऱ्या ग्रंथाकडे वळतो. ख्रिस्तोफर पिनी हेही लंडनच्या त्याच विभागातील. त्यांचे क्षेत्रही माळव्यातलेच, नागदा आणि त्याच्या जवळचे भाटीसुडा हे खेडे. १९९७ साली त्यांनी भारतीय छायाचित्रांवर ग्रंथ लिहिला आणि २००४ साली देवादिकांच्या छापील चित्रांवर. या दुसऱ्या ग्रंथात पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याला मानाचे स्थान दिलेले आहे. चित्रशाळा १८७८ साली निघाली, आणि तिच्या संस्थापकांत अग्रेसर होते ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. आपल्या वाङ्मयेतिहासांत विष्णुशास्त्र्यांचे चरित्र कसे येते ते आठवावे. १८७४ ची निबंधमाला, १८८० चे न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ चा केसरी यांवर पानेच्या पाने. चित्रशाळेवर एखादे वाक्य, तेही उद्योगी वृत्तीचा दाखला म्हणून. मराठी गद्याचा हा शिल्पकार ऐन उमेदीत रंगीत चित्रे छापण्याच्या खटपटीत का पडला, हा प्रश्न आमच्या समीक्षेला सुचलाच नाही. नारायणरावाचा वध, रामपंचायतन यांसारख्या चित्रशाळेच्या चित्रांनी घराघरांतील भिंतींवर जे मराठ्यांच्या इतिहासाचे आणि देवधर्माचे दर्शन घडवले ते निबंधमालेच्या वाचकांहून कितीतरी मोठ्या समाजापर्यंत पोहोचले. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही त्या चित्रांनी शिकवले.

पिनी यांचा मुख्य मुद्दा असा की, चित्र हे आधीच ठरून गेलेल्या इतिहासाचे मागाहून काढलेले स्पष्टीकरण नव्हे. पुष्कळदा जे लेखात यावयाचे ते आधी चित्रात आकार घेते. हा मुद्दा आपल्या वाङ्मयेतिहासाला लावून पाहण्याजोगा आहे. पेशवाईवरची नाटके व कादंबऱ्या, बखरींची छापील प्रकाशने आणि ही चित्रे यांची कालक्रमाने शेजारी शेजारी मांडणी केली तर कोणी कोणाकडून घेतले हे दिसू लागेल. नाटकातील प्रवेशाची मांडणी शिळाछापावरून आली की शिळाछाप नाटकावरून? हे काम पिनी यांच्या ग्रंथात झालेले नाही, आणि ते त्यांचे नव्हेच. त्यांचा रोख राष्ट्रीय राजकारण आणि चित्रांचे सामर्थ्य यांवर आहे. ते काम मराठीच्या अध्यापकाचे आहे आणि अध्यापकाने ते अद्याप हाती घेतलेले नाही.

पिनी यांच्या ग्रंथातील आणखी एक विचार आमच्या सौंदर्यचर्चेच्या मुळावरच येणारा आहे. भाटीसुडा येथील माणसे तसबिरीकडे दुरून, अलिप्तपणे पाहत नाहीत. ती तिला गंध लावतात, चमकी चिकटवतात, उदबत्ती ओवाळतात, डोळ्याला डोळा भिडवतात. पाहणे ही तेथे सबंध शरीराची क्रिया आहे. पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्राने ज्या निर्हेतुक, निरपेक्ष पाहण्याचे स्तोत्र गायिले त्याच्या नेमके उलट हे आहे, आणि त्याला हीन न मानता पाहण्याची एक स्वतंत्र रीत मानावे, असे पिनी यांचे सांगणे आहे.

येथे मराठी वाचकाला मर्ढेकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या नियमांवर सर्व कलांचे सौंदर्य आधारले. त्यासाठी त्यांनी चित्र आणि संगीत यांचे दाखले साहित्याइतक्याच अधिकाराने वापरले, आणि मराठी समीक्षेला शब्दाबाहेर पाहावयास लावणारे म्हणून त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु मर्ढेकरांच्या तराजूत देव्हाऱ्यातील तसबीर घालावी तर काय होते? रेषा, रंग, आकार यांची संगती तेवढी वजनात धरली जाईल; वीस वर्षे रोज लावलेल्या कुंकवाने देवीच्या कपाळावरचा रंग ज्या ठिकाणी उडाला आहे ती जागा हिशेबाबाहेर राहील, किंबहुना दोष म्हणून गणली जाईल. पिनी यांच्या तराजूत ती उडालेली जागा हाच तसबिरीचा सर्वांत मोलाचा भाग. दोन्ही तराजू एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. कलावादी आणि जीवनवादी यांचा जो जुना वाद आपण कादंबरीवर घालून थकलो, तो येथे तसबिरीवर नव्याने उभा राहतो, आणि या वेळी दोन्ही पक्षांची सोय नाही. जीवनवादी म्हणतील की कलेने जीवनाचे चित्रण करावे. पण कुंकवाने झिजलेली तसबीर कशाचे चित्रण करते? ती जीवनात भाग घेते. आम्हांस पिनी यांचा पक्ष बळकट वाटतो, तथापि एक कमतरताही दिसते. ज्या प्रतिमेवर भक्ती जडते आणि जिच्यावर जडत नाही त्यांतील रेखाटनाचा भेद सांगण्याची वेळ आली की हा विचार गप्प बसतो. तेथे मर्ढेकरांकडेच परत यावे लागते.

शब्द आणि चित्र यांची फारकत अपरिहार्य नाही, हे दाखवणारी एक संस्था युरोपातच आहे. आबी वारबुर्ग या कलेतिहासकाराने हँबुर्ग येथे जमवलेला ग्रंथसंग्रह नाझी राजवटीमुळे १९३३ साली लंडनला हलवावा लागला आणि १९४४ साली तो लंडन विद्यापीठाचा भाग झाला. त्या ग्रंथालयाचे मजले प्रतिमा, शब्द, दिशाबोध आणि कृती अशा चार विभागांत लावलेले आहेत. प्रतिमेचा अभ्यासक जिना चढला की शब्दाच्या मजल्यावर पोहोचतो.

असा जिना आमच्या बडोद्यात बांधता आला असता. आला असता, असे म्हणताना खेद होतो, कारण साहित्य सगळे जमलेले होते. संग्रहालय १८९४ पासूनचे. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, १९५० साली त्यात ललित कला विद्याशाखा आली, १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग. पुरातत्त्वाचा विभाग होता, आणि त्याच्या हातून १९६० ते १९६३ या काळात देवनीमोरीच्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन झाले. प्राच्यविद्यामंदिर होते, जेथे उमाकांत शाह यांच्यासारख्या विद्वानाने १९५१ साली सापडलेल्या अकोट्याच्या जैन धातुमूर्तींवर १९५९ साली प्रमाणग्रंथ दिला. हे सर्व एका शहरात, अर्ध्या तासाच्या पायी अंतरात. ललित कला विद्याशाखेत तर असा एक प्रयोग झाला की ज्याची बरोबरी लंडनलाही करता येणार नाही: कलेचा इतिहास हा चित्रकाराच्या व शिल्पकाराच्या शिक्षणाचाच भाग मानला गेला. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तेथे चित्रकला शिकवीत होते, शंखो चौधरी शिल्पकला. १९५१ साली आलेले के. जी. सुब्रमण्यन यांनी कला आणि कारागिरी यांतील उच्चनीच भाव कधी मानलाच नाही. खेळणी, भाजलेल्या मातीची भित्तिशिल्पे आणि विणकाम हे त्यांना चित्राइतकेच गंभीर विषय होते. ज्योती भट्ट यांनी गावोगाव फिरून घरांच्या भिंती, उंबरे व अंगणे यांवरील चित्रांची छायाचित्रे घेतली. त्यांतील कित्येक चित्रे आता केवळ त्यांच्या छायाचित्रांतच उरली आहेत. वस्तुसंस्कृती हे नाव प्रचारात येण्यापूर्वी ते काम येथे चालू होते. लंडनचा संशोधक घडलेले मडके मोजतो. बडोद्याच्या विद्यार्थ्याला ते आधी घडवून पाहावे लागे. हातातून आलेल्या या ज्ञानाचे मोल आम्ही मिलर यांच्या आलेखांहून अधिक मानतो.

उणे राहिले ते भाषेचे. या विद्यापीठाचे संशोधन मुख्यतः इंग्रजीत झाले. थोडेबहुत गुजरातीत आले. मराठीत जवळजवळ काहीच आले नाही, आणि ते का यावे असेही कोणास वाटले नाही. राज्य बदलले, प्रांत बदलले, मराठी ही येथे घरची भाषा उरली, विद्येची राहिली नाही. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. याच शहरात एके काळी वस्तू आणि शब्द यांचा संसार एकत्र चालत असे. १८९० साली निघालेल्या कलाभवनात यंत्रे, रंग व वस्त्रे यांचे शिक्षण देशभाषेतून द्यावे असा त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. १९३१ साली ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला, त्यात कारभाराच्या शब्दांना मराठीसह आठ भाषांतील पर्याय शेजारी शेजारी छापले गेले. प्राच्यविद्यामंदिराच्या ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला ‘मानसोल्लास’ १९२५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील चालुक्य राजा सोमेश्वराचा हा ग्रंथ म्हणजे वस्तुसंस्कृतीचा कोशच होय. चित्र कसे रंगवावे, भिंत कशी तयार करावी, अलंकार कोणते, पक्वान्ने कोणती, हे सारे त्यात आहे. मण्डक या नावाने आपले मांडे आहेत आणि संगीताच्या प्रकरणात मराठी पदरचनाही आहे. ज्या शहराने हा ग्रंथ छापला त्या शहरातील मराठी माणसाने वस्तूंचा अभ्यास हा परभाषेचा विषय समजावा, हे मनाला पटत नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजाविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते वाचकांस अधिक परिचित आहे. सांकळियांनी जोर्वे, नेवासे, इनामगाव येथे जे काढले त्यात लाल रंगाची, काळ्या नक्षीची, तोटीची भांडी आहेत आणि त्यांना जोर्वे या गावाचेच नाव सर्वत्र रूढ झाले आहे. आजच्या शेतकऱ्याचे घर आणि कुंभाराची भट्टी पाहून तीन हजार वर्षांपूर्वीचे घर समजून घेण्याची रीत या संस्थेने पाडली. तेथील विद्वानांनी मराठीतही लिहिले, ही समाधानाची गोष्ट. परंतु पुण्यात या विषयातील सर्वांत मोलाचे उदाहरण विद्यापीठाबाहेरचे आहे. दिनकर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. या कवीने अडकित्ते, दिवे, कुलपे, दरवाजे, वाद्ये, भांडी यांचा जो संग्रह जन्मभर केला आणि दिवंगत मुलाच्या नावाने उभा केला, तो आज पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून सर्वांस ठाऊक आहे. आमच्या वाङ्मयेतिहासांत कवी अज्ञातवासी एका ठिकाणी आहेत आणि संग्राहक केळकर कोठेच नाहीत. शब्दाची आवड असलेला माणूस अडकित्त्यामागे का लागला, हे विचारण्याची ज्याला गरज वाटली नाही तो वाङ्मयेतिहास अपुरा आहे.

जुन्या मराठीला हा दोष लावता येणार नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ पाहावी. श्रीचक्रधर कोठकोठे राहिले हे सांगताना पोथीकार देवळाचे दार कोणत्या दिशेला, आवार कोणते, कोपऱ्यात काय, दोन स्थानांतील अंतर केवढे, याची नोंद करतो. वास्तुशास्त्र सांगण्याचा त्याचा हेतू नाही. आपल्या स्वामींचे चरण जेथे लागले ती जागा पुढच्या भाविकाला अचूक सापडावी, एवढीच तळमळ; आणि त्या तळमळीतून यादवकालीन देवळांचे असे वर्णन निर्माण झाले की जे कोणा शिल्पशास्त्रकारानेही दिलेले नाही. ‘लीळाचरित्रा’तही पात्रे, वस्त्रे, अन्न यांची नावे सहज येतात. प्राध्यापक मंडळी या ग्रंथांतून विभक्ति-प्रत्यय काढतात आणि वस्तू टाकून देतात. पुढच्या काळात त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ चा ‘गावगाडा’, ग. ह. खरे यांचे १९३९ चे ‘मूर्तिविज्ञान’, रा. चिं. ढेरे यांची १९७८ ची ‘लज्जागौरी’ या ग्रंथांनी वस्तू आणि शब्द यांची गाठ सोडली नाही. ढेऱ्यांची पद्धत तर मुद्दाम अभ्यासावी अशी: मूर्तीपासून नावाकडे, नावापासून विधीकडे, विधीपासून पुन्हा मूर्तीकडे. लंडनच्या परिवाराला ठाऊक नसलेली ही पद्धत मराठीत लिहिली गेली, म्हणूनच ती त्यांना ठाऊक झाली नाही.

यावर कोणी म्हणेल की मराठीत या विषयाची परिभाषाच नाही. हा युक्तिवाद आम्हांस आळसाचा वाटतो. भौतिक संस्कृती हा रूढ पर्याय आम्हांस पसंत नाही. भौतिक म्हटले की आध्यात्मिक हा त्याचा प्रतिपक्ष आपोआप पुढे येतो आणि देव्हाऱ्यातील तसबीर कोठे ठेवावी हे कळेनासे होते. वस्तुसंस्कृती हा शब्द साधा आणि पुरेसा आहे. पण चार संज्ञा बनवल्या म्हणजे विद्या येते असे नव्हे. अभाव आहे तो नोंदींचा. मोल्सवर्थने १८३१ साली आपल्या कोशात घरगुती वस्तूंची जी नावे गोळा केली त्यांपैकी किती वस्तू आज आपल्या घरांत आहेत आणि त्यांना आज आपण काय म्हणतो? हा प्रश्न बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी येथे निरनिराळा सुटेल. महाराष्ट्राबाहेर पडलेल्या कुटुंबांनी दोनशे वर्षांपूर्वीची नावे जपली असतील किंवा शेजारच्या भाषेतली उचलली असतील. दोन्ही गोष्टी तितक्याच मोलाच्या. हे काम संशोधक परगावाहून येऊन करील तर त्याला एक हिवाळा पुरणार नाही. शाळामास्तर आणि सभेचे सभासद यांना ते सुट्टीत करता येण्याजोगे आहे.

बडोद्यापुरते आरंभ कोठे करावा हे सांगण्यासारखे आहे. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा. लाकडी बांधणीचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली असून त्याच्या भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, आणि त्यांच्या शेजारी टोपीवाले साहेब व त्यांच्या मडमाही आहेत. गुजरातच्या भूमीवरील मराठी वाड्यात ही चित्रे काढली कोणी, कोणत्या नमुन्यांवरून, कोणत्या दालनात कोणता विषय आणि तो का, या प्रश्नांसाठी चित्राची शैली पाहणारा डोळा हवा आणि ओसरी, सोपा, माजघर, देवघर यांचा अर्थ जाणणारा कानही हवा. पुरुष बसत त्या दालनातील चित्र आणि बायका वावरत त्या दालनातील चित्र यांत फरक आहे काय, हे दालनाचे नाव ठाऊक नसलेला माणूस विचारणारच नाही.

आणि संक्रांतीच्या आधी चारदोन दिवस बाजारात जावे. येथील कुंभार प्रजापती, बोली गुजराती. पतंगांच्या गर्दीत एका बाजूस ते लहान बोळकी पाचपाचांच्या जुड्यांनी मांडून बसतात, कारण ती मराठी बायका नेतात. गेल्या वर्षी आम्ही एका म्हाताऱ्या कुंभाराला गुजरातीत विचारले की याला काय म्हणतात. तो म्हणाला, सुगड. तुमच्यात याचे काय करतात, असे पुढे विचारता तो हसला आणि म्हणाला, आमच्यात काही नाही, हे तुमचे आहे. पण आकार माझ्या आजाच्या वेळेपासून हाच आहे, तोंड जरा मोठे केले तर बाया घेत नाहीत.